फोटोखालची ओळ

राजुऱ्यातला एक फोटोग्राफर गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, चंद्रपूरच्या एका रुग्णालयात वारला. वय अठ्ठावन्न. कारण हृदयविकार. बसस्थानकामागच्या गल्लीतला त्याचा स्टुडिओ त्या दिवसापासून बंद आहे.

कोणताही छापील फोटो हातात आला की तो आधी त्याचा खालचा भाग अंगठ्याने झाकायचा. वर्तमानपत्र असो, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे पोस्टर असो, खताच्या कंपनीचे कॅलेंडर असो. झाकायचा, फोटो निवांत पाहायचा, मग अंगठा काढून खालचे वाचायचा. "फोटो खोटं बोलत नाई," म्हणायचा. "खाली लिहिणारा बोलते."

असा एखादा माणूस तुमच्याही तालुक्यात असेल. अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो त्याच्याकडे असतात, शाळांच्या स्नेहसंमेलनात तो खुर्च्यांच्या पुढे उकिडवा बसलेला असतो, आणि अपघात झाला की पोलिसांच्या पाठोपाठ तोच पोहोचतो. आमच्या दैनिकाच्या चंद्रपूर कार्यालयात मी जिल्हा पान बघायचो, आणि राजुऱ्याकडचे फोटो त्याच्याकडून यायचे. सतरा वर्षे आले.

तो भांडत नसे. आवाज चढवताना मी त्याला एकदाही ऐकले नाही. पण त्याचा अपमान करणाऱ्याला तो सोडत नाही, हे राजुऱ्यात सगळ्यांना माहीत होते. एका लग्नात नवरदेवाने त्याला मित्रांसमोर "ए फोटोवाल्या, सरक तिकडे" म्हटले. तो सरकला. पंधरा दिवसांनी अल्बम गेला. चौऱ्याण्णव फोटो, छपाई उत्तम, जिल्द मखमली. नवरदेवाचे डोळे एकाही फोटोत उघडे नव्हते. मी विचारले तेव्हा तो कॅमेऱ्याची काच पुसत होता.

"लाइटाने डोळे मिटले असतील," मी म्हणालो.

"उघडेच होते. मी मिटायची वाट पाह्यली."

"चौऱ्याण्णव वेळा?"

"लग्न दिवसभर चालते, संपादकसाहेब."

मी उपसंपादक होतो. हे मी त्याला दोनदा सांगितले होते. तो शेवटपर्यंत मला संपादकसाहेब म्हणत राहिला. त्यामागचे कारण पुढे येईल.

त्याचे गाव राजुऱ्यापासून मोटारसायकलने पाऊण तासावर होते. आता ते नाही. कोळसा खाणीच्या विस्तारात गेले. गावात निम्मी घरे गोंडांची आणि निम्मी बौद्धांची होती. तो बौद्ध घरातला. आई मजुरीला जायची आणि उन्हाळा लागता लागता मोहफुले वेचायची.

त्या गावातल्या मोहांचा एक रिवाज होता. तो माहीत नसेल तर पुढचे काही कळणार नाही, म्हणून सांगतो. शेत एकाचे आणि त्यातला मोह दुसऱ्याचा, असे तिथे सर्रास चाले. कोणत्या झाडाखालची फुले कोणत्या घराने वेचायची, हे पंचांनी कधीकाळी ठरवून दिलेले होते. ते सातबाऱ्यावर नव्हते. कागदावर कुठेच नव्हते. ते बायकांना पाठ होते. सून घरात आली की सासू तिला आधी झाड दाखवायची. आपल्या मोहाखालचा पाचोळा आपण झाडायचा, दुसऱ्याच्या मोहाखाली फूल पडलेले दिसले तरी उचलायचे नाही. खोडाचा बाक, फांदीची खोक, फुलाची चव यांवरून बायका झाड ओळखायच्या. गावाच्या उतारावर असे अकरा मोह होते. त्यातला एक त्याच्या आईचा.

जमीन संपादन झाले, उन्हाळ्यात गाव हलणार हे ठरले. त्याआधीच्या डिसेंबरात, एका सकाळी, तो गावातल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढला आणि त्याने उताराचा फोटो काढला. हरभऱ्याची हिरवी वावरे, त्यांवर गुडघाभर धुके, धुक्यात वेगवेगळे उभे असलेले अकरा मोह, डाव्या कडेला नाला. माणूस एकही नाही. ऊन नुकतेच शेंड्यांना लागलेले. मी व्यवसायामुळे पुष्कळ फोटो पाहिले आहेत. तो फोटो चांगला होता.

त्याने तो आमच्याकडे पाठवला. सोबत ओळ होती. गावाचे नाव, आणि पुढे दोन शब्द: शेवटची थंडी.

एक जानेवारीच्या अंकासाठी पहिल्या पानावर काहीतरी प्रसन्न हवे होते. उतार, धुके आणि कोवळे ऊन प्रसन्न होते. ओळ नव्हती. ती काढण्यात आली आणि दुसरी घालण्यात आली: 'नवे वर्ष, नवी सुरुवात'. गावाचे नाव गेले. त्याचे नावही गेले, कारण त्या जागी अंकाची शुभेच्छा बसवायची होती. ती ओळ मी लिहिली.

सकाळी दहाला त्याचा फोन आला.

"फोटो मोठा छापला, साहेब. धन्यवाद."

"सुंदरच होता."

"खालचं कोणी लिहिलं?"

"मी."

"बरं, संपादकसाहेब."

त्या दिवसापासून मी संपादकसाहेब झालो. पुढे कामासाठी तो चंद्रपूरला येत राहिला. फोटो वेळेवर द्यायचा, माहिती नीट द्यायचा. आमच्या कार्यालयातला चहा मात्र त्यानंतर त्याने कधी घेतला नाही. नको म्हणायचा नाही. कप समोर ठेवून घ्यायचा, गप्पा मारायचा, चहावर साय धरली की उठायचा. चहा आणणारा पोऱ्या जाऊन कॅन्टीनवाला आला, कॅन्टीनवाला जाऊन यंत्र आले. यंत्राच्या चहावर साय धरत नाही, तेव्हा तो थंड होईपर्यंत बसू लागला.

गाव हलले. लोकांना वीस किलोमीटरवर पत्र्याच्या आणि सिमेंटच्या घरांची वस्ती मिळाली. काही घरे तिथे गेली, काही राजुऱ्यात भाड्याने राहिली, दोन घरे तेलंगणात कामाला गेली ती परतली नाहीत. त्याची आई नव्या वस्तीत पहिल्याच थंडीत वारली. ही बातमी त्याने मला फोनवर दिली. छापण्यासाठी नव्हे. दुसऱ्या एका फोटोला उशीर का होतोय, ते सांगण्यासाठी.

दर डिसेंबरात तो त्या जागी जायचा. एकदा मी सोबत होतो. खाणीच्या कुंपणाशी पहारेकरी त्याला ओळखत होता. "आले का भाऊ? दहाच मिनिटं बरं," म्हणाला आणि पाठ फिरवून तंबाखू मळू लागला. कुंपणापलीकडे उतार नव्हता. जमीन सरळ खाली तुटलेली होती, तळाशी हिरवट पाणी होते आणि समोर काढलेल्या मातीचा डोंगर होता. त्याने कॅमेरा काढला नाही. हात वर करून समोरच्या मोकळ्या हवेत एक जागा दाखवली.

"मायचा मोह तिथी होता."

मी पाहिले. तिथे एक घार होती.

"थोडा डाव्या बाजूले पाहा," तो म्हणाला. "हां. तिथी."

गाव गेल्यानंतर सहाव्या वर्षी खाणीच्या कंपनीने एक पुस्तिका काढली. खणून झालेली जमीन भरून, तिच्यावर झाडे लावून ती पुन्हा कशी हिरवी केली, असा विषय होता. प्रकाशनाचे फोटो काढायला त्याला बोलावले. कंपनीच्या बारीकसारीक कार्यक्रमांचे काम त्याच्याकडे असे आणि जनसंपर्क अधिकाऱ्याशी त्याची चांगली ओळख होती. अधिकारी बोलका, हसरा, नागपूरचा. चिरंजीवाच्या बारशाचे फोटोही यानेच काढले होते.

पाहुण्यांनी लाल फीत सोडली, पुस्तिका वर धरली. मुखपृष्ठावर त्याचाच फोटो होता. उतार, धुके, अकरा मोह. फक्त आरशात पाहावा तसा उलटा. शीर्षकाला जागा डाव्या बाजूला हवी होती आणि तिथे नाला येत होता, म्हणून कोणीतरी फोटो फिरवला होता. खाली मोठ्या अक्षरात होते: 'खाणीनंतर: नवी सुरुवात'. आमच्या पहिल्या पानावरून फोटो गेला आणि ओळही आमच्याच पानावरून गेली, हे पुढे अधिकाऱ्याने लेखी मान्य केले. कात्रण त्याच्या टेबलाच्या काचेखाली होते.

फोटोग्राफरने तो प्रसंग मला जसा सांगितला तसा देतो. पुस्तिका हातात घेतली. अंगठ्याने खालचे झाकले. पाहिले. अंगठा काढला. मग अधिकाऱ्याजवळ गेला.

"फोटो भारी आहे, साहेब. कोणाचा आहे?"

"एजन्सीने दिला, भाऊ. इंटरनेटवरचा असेल."

"जागा कोणती?"

"आपलीच की. पलीकडची भरलेली बाजू."

"असं का? मी पाह्यली नाई अजून."

मग त्याने प्रकाशनाचे सगळे फोटो काढले. पाहुणे, हार, पुस्तिका, टाळ्या. दुसऱ्या दिवशी छापून पोहोचवले. एकही डोळा मिटलेला नव्हता.

मी त्याला म्हणालो, तक्रार करा. मालकी तुमची आहे, मूळ फाइल तुमच्याकडे आहे, एका नोटिशीत काम होईल. आम्ही बातमी करू.

"काय होईल?" त्याने विचारले.

"पुस्तिका मागे घेतील."

"घेतील. दुसरी काढतील. त्यात केरळाचा फोटो टाकतील." कप त्याच्यासमोर होता. त्याने तो गोल फिरवला. "ते आमची शेवटची थंडी होती, संपादकसाहेब. ह्यायनं आपली पह्यली करून टाकली. मले पुस्तिका मागे घ्यायची नाई. मले तो माणूस लोकाईसमोर पाह्यजे. त्याच्या तोंडून ऐकाचं आहे, का हे झाडं त्यानं लावले. आन् मंग ज्याईचे झाडं, त्याईनं त्याले उत्तर द्याव."

"ते कधी होणार?"

"खाण पोट भरून थांबत नाई. मोठी होईल. मोठी व्हाले सुनावणी लागते."

खाणीचा विस्तार करायचा तर बाधित गावात जनसुनावणी घ्यावी लागते, ही माहिती त्याला आमच्याच पानावरच्या बातम्यांतून होती. तो दोन वर्षे थांबला. या काळात कंपनीची कामे त्याने सोडली नाहीत. ध्वजवंदन, सुरक्षा सप्ताह, रोपवाटिकेची भेट, सगळे केले. जनसंपर्क अधिकारी त्याला "आपला माणूस" म्हणायचा. हे सांगताना तो हसला होता. तो क्वचित हसायचा.

दरम्यान त्याने दुसरे काम सुरू केले. मूळ फोटोतून त्याने एकेक मोह वेगळा कापला, पोस्टकार्डाएवढा छापला, साधी चौकट घातली आणि ज्या घराचा जो मोह त्या घरी नेऊन दिला. नव्या वस्तीत, राजुऱ्याच्या भाड्याच्या खोल्यांत, तेलंगणातल्या दोन घरांकडेही. तो स्वतः सगळी झाडे ओळखत नव्हता, ते पुरुषाचे ज्ञान नव्हे. बायकांना विचारत गेला. कोणतीच चुकली नाही, आणि एका झाडावर दोघींनी हक्क सांगितला असेही झाले नाही. लच्चूबाई म्हणून एक गोंड म्हातारी आहेत, वय त्यांनाही सांगता येत नाही. त्यांनी चौकट हातात घेतली, खोडावर बोट फिरवले आणि देव्हाऱ्यात ठेवली.

"बाई, देवात काऊन ठेवून राह्यल्या?" त्याने विचारले.

"मंग कुठी ठेवू? भिताडावर उन्ह लागते."

पुढच्या भेटीत त्याने पाहिले, तर चौकटीसमोरची जमीन झाडून, शेणाने हातभर सारवलेली होती. मोहाखाली सारवतात तशी. हे त्याने मला सांगितले. आई असती तर तिनेही हेच केले असते, एवढेच नंतर म्हणाला.

सुनावणी फेब्रुवारीत झाली, शेजारच्या गावात. त्या गावाचा उतार आता विस्तारात जाणार होता. मंडप, खुर्च्या, मंचावर जिल्हा प्रशासनाचे अधिकारी, बाजूला कंपनीचे टेबल. टेबलामागे तोच फोटो, दहा फूट रुंद, उलटा. 'नवी सुरुवात'. मी वार्तांकनासाठी हजर होतो, त्यामुळे पुढचे ऐकीव नाही.

तो सकाळी जीप करून आपल्या पत्नीसह नऊ बायकांना घेऊन आला होता. त्यांना पुढच्या रांगेत बसवले आणि स्वतः कंपनीच्या टेबलासमोर, सात-आठ पावलांवर, कॅमेरा घेऊन उभा राहिला. जनसंपर्क अधिकाऱ्याने त्याला पाहून हात हलवला. यानेही हलवला.

कंपनीचे सादरीकरण झाले. भरलेली जमीन, लावलेली झाडे, परत आलेले पक्षी. मग हरकती मागवल्या. लच्चूबाई उठल्या आणि माइककडे न जाता थेट फलकापाशी गेल्या.

"हे कुठलं आहे, साहेब?"

जनसंपर्क अधिकारी पुढे आला. नम्रपणे बोलला. "आजी, ही आमच्या खाणीची जागा. खोदून झाल्यावर आम्ही भरली. झाडं लावली."

"कोणते झाडं लावले?"

त्याने फलकाकडे पाहिले. "मोहाची आहेत. तुमच्या कामाची."

"हा मोह तुमी लावला?"

"हो आजी. कंपनीने."

"तुमचं वय किती झालं, बाबा?"

"का हो?"

"हा मोह माह्या सासूच्या सासूले दाखवला होता. तुमी लावला म्हणता. तोंडावरून तं पन्नाशीचेच दिसता."

मंडप हसला. हसणे थांबेपर्यंत दुसरी बाई फलकापाशी पोहोचली होती. तिने तिचा मोह दाखवला. "ह्याची ही फांदी माह्या दिराच्या लग्नाच्या साली वीज पडून जळली. हे पाहा, काळं." तिसरी आली. मंचावरचे अधिकारी खुर्चीतून उठून जवळ आले. एकेक बाई एकेका झाडावर हात ठेवून धन्याचे नाव सांगू लागली. न आलेल्या दोन घरांची नावेही त्यांनीच सांगितली. लिहून घेणारा कारकून मधेच थांबला आणि म्हणाला, जरा हळू.

मग लच्चूबाईंनी मान तिरकी करून पूर्ण फलक पाहिला.

"पण हे उलटे काऊन उभे केले? नाला ह्या अंगाले होता. माहा मोह शेवटचा नाई, पह्यला आहे."

मंचावरून उठून आलेल्यांपैकी एकाने विचारले, हा फोटो मुळात कोणी काढला? तेव्हा फोटोग्राफरने डावा हात वर केला. उजव्या हाताने कॅमेरा डोळ्याला लावलेलाच होता. तो त्याने खाली घेतला नाही. त्या दुपारी मंडपात शेकडो माणसे होती, बायका बोलत होत्या, मंचावर धावपळ होती. त्याने एकाच माणसाचे, जनसंपर्क अधिकाऱ्याचे, फोटो काढले. एक्केचाळीस काढले. ते मी नंतर पाहिले. अधिकारी हसतोय, अधिकारी फलकाकडे वळतोय, अधिकारी खिशात रुमाल शोधतोय. प्रत्येक फोटोत डोळे सताड उघडे.

मूळ फोटो त्याने नंतर, लेखी जबाबासोबत, सरळ बाजूने सादर केला. पुस्तिका मागे घेण्यात आली. विस्ताराचा अहवाल दुरुस्तीसाठी परत गेला. जनसंपर्क अधिकाऱ्याची आधी बदली झाली, वर्षाअखेर नोकरी गेली. शेजारच्या गावात सुनावणीच्या संध्याकाळी पोळ्याइतकी गर्दी झाली. तो तिथे थांबला नाही. जीपमधून नऊ बायकांना जिच्या-तिच्या घरी पोहोचवत गेला.

मला वाटले, संपले. संपले नव्हते. पुढच्या एक जानेवारीला त्या अधिकाऱ्याला नागपूरच्या घरी टपालाने शुभेच्छापत्र मिळाले. छपाई उत्तम. वर एक्केचाळीसपैकी पहिला फोटो, खाली ओळ: 'नवे वर्ष, नवी सुरुवात'. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा फोटो गेला.

"एक्केचाळीस वर्षं पाठवणार?" मी विचारले.

"तो राह्यला तं."

"आणि तुम्ही?"

"पोरीले सांगून ठेवलं आहे."

दुसऱ्या पत्रानंतर अधिकारी राजुऱ्याला आला. थेट स्टुडिओत. हा प्रसंग मला एकाच बाजूने कळला आहे. अधिकाऱ्याशी मी दोनदा संपर्क केला, त्याने बोलण्यास नकार दिला. तो म्हणाला म्हणे, कार्डे थांबवा, घरात मुले विचारतात. मी माफी मागतो.

"माह्याजवळ काऊन मागता, साहेब? माहं काय गेलं, एक फोटो. अकरा घरं आहेत. पत्ता देतो, जीप लावून देतो. अकराही घरी मागा. कार्ड आजच बंद."

अधिकाऱ्याने पत्ते घेतले नाहीत. म्हणाला, नवीन नोकरीच्या अर्जाला फोटो हवेत, आलोच आहे तर काढून द्या. याने त्याला स्टुलावर बसवले, हनुवटी दोन बोटांनी वर केली, कॉलर सरळ केली. आठ प्रती कापून पाकिटात घालून दिल्या. अधिकाऱ्याच्या डाव्या गालावर तीळ आहे. आठही प्रतींत तो उजव्या गालावर होता.

"लक्षात आले नाही त्यांच्या?"

"माणूस आपलं तोंड आरशातच पाह्यते, संपादकसाहेब. त्याले बरोबरच दिसलं असेल."

अधिकारी कोणत्याही घरी गेला नाही. तिसरे कार्ड वेळेवर गेले.

आता आमचे. सुनावणीनंतरच्या आठवड्यात तो कार्यालयात आला होता. सोबत मूळ फोटो आणि हाताने लिहिलेली ओळ. आमच्या पहिल्या पानावर चुकीची ओळ छापली गेली होती, तेव्हा पहिल्या पानावरच बरोबर ओळ छापा, असे त्याचे म्हणणे होते. ओळीत गाव होते, साल होते आणि डावीकडून उजवीकडे अकरा घरांची नावे होती. एकही शब्द बदलायचा नाही, ही अट.

मी संपादकांकडे नेले. त्यांनी फोटोचे कौतुक केले. आठ वर्षांपूर्वीच्या सजावटीच्या छायाचित्राचे शुद्धिपत्र देण्याची पद्धत नाही, म्हणाले. आतल्या पानावर घेऊ, ओळ एवढी लांब बसणार नाही, 'राजुरा तालुक्यातील जुने दृश्य' असे करू. मी बाहेर येऊन ते त्याला सांगितले. मी आतमध्ये वाद घातला नाही, हेही सांगितले, कारण त्याने विचारले.

त्याने फोटो परत घेतला आणि पिशवीत घातला.

"राहू द्या. तुमच्याकडे जागा कमी आहे."

कपातला चहा थंड झाला होता. तो उठला. त्यानंतरही त्याचे फोटो आम्हाला येत राहिले, अपघाताचे, उद्घाटनाचे, वाघाने मारलेल्या गुरांचे. तो एक कधी आला नाही, आणि मी मागितला नाही.

मंगळवारी तो गेल्याची खबर दुपारी मिळाली. संपादक आता नवीन आहेत. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी निधनाची बातमी पहिल्या पानावर घ्यायचे ठरवले, सोबत तो फोटो, त्याने लिहिलेल्या ओळीसह, एक शब्द न बदलता. मी राजुऱ्याला त्याच्या घरी फोन केला. पत्नीने उचलला. मी सांत्वनाचे बोललो, मग कामाचे.

"तो फोटो तं त्याईनं लिफाफ्यात घालून ठेवला आहे, भाऊ. दिवाळीतच. 'मी गेलो तं हा देजो,' असं म्हणाले होते."

"मग मी माणूस पाठवतो."

"नका पाठवू. लिफाफा तुमच्या नावाचा नाई."

"कोणाच्या नावाचा आहे?"

"ते सांगू नको म्हणाले होते."

बुधवारच्या अंकात आमची बातमी फोटोशिवाय गेली.

गुरुवारी जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका दैनिकाने तो फोटो पहिल्या पानावर, सहा स्तंभांत छापला. नाला डाव्या बाजूला होता. खाली गावाचे नाव होते, साल होते आणि अकरा घरांची नावे, डावीकडून उजवीकडे.